मुकुटबनला बीट नव्हतं

बाबा, माझं मोठं आतडं जवळजवळ सगळं काढून टाकलं आणि मी बरी आहे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगते, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पहिली ऐकून तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला असता आणि दुसरी तुमच्या कानापर्यंत पोचलीच नसती. मी कळंबच्या घरात, स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून बसले आहे. दादा काल मुकुटबनहून आला. सकाळपासून त्याचं ते पोट साफ करायचं औषध चालू आहे. एक पेला कसाबसा घशाखाली उतरवतो, मला आणि समस्त डॉक्टर जमातीला शिव्या घालतो आणि धावत सुटतो. दुपारी यवतमाळला त्याच्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी आहे. आमचे हे गाडीत पेट्रोल भरायला गेलेत. म्हणजे घरात मी, दादा आणि मधूनमधून आपटणारं संडासाचं दार. तुम्हाला लिहायला याहून निवांत वेळ मला कधी मिळणार होता?

सुरुवात पोटापासून झाली नाही, रक्तापासून झाली. तहसील कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर बसता बसता माझा आवाज चढला, वजन चढलं, आणि एकदा सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळलं की पांढऱ्या पेशीही चढल्या आहेत. नागपूरला दाखवलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण फार सावकाश चालणारा. याला सध्या औषध नको, ठरावीक काळानं रक्त तपासायचं आणि लक्ष ठेवायचं. कित्येक लोक वर्षानुवर्षं असेच धडधाकट राहतात. मी सुटकेचा श्वास टाकला, पण यांच्या पचनी पडेना. जिना उतरताना म्हणाले, "अवं, कॅन्सर म्हन्ते अन् गोळीबी देत नाई? हे कोनतं डॉक्टर हाये?" घरी आल्यावर साऱ्या गोतावळ्याचं तेच. कॅन्सर असून औषध नाही म्हणजे एक तर डॉक्टरला कळत नाही, नाहीतर आशा सोडलेली आहे. मग डॉक्टरनं जे दिलं नाही ते घरानं द्यायचं ठरवलं, आणि ते होतं बीट.

तुमच्या काळात आपल्याकडं बीट कोण खात होतं? मला तर आठवत नाही. आता बाजारात ढीग असतात. सकाळी बीटचा रस, जेवणात बीटची कोशिंबीर, संध्याकाळी पुन्हा रस. लाल खाल्लं की रक्त वाढतं, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डाळिंब, खजूर, काळ्या मनुका असं सगळंच येत होतं, पण बीटवर यांची श्रद्धा बसली. रोज सकाळी स्वतः किसायचे, हात लालभडक करून घ्यायचे आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. बाबा, मला त्यांची चेष्टा करायची नाही. माणसाला बायकोसाठी काही तरी करायचं असतं आणि करण्यासारखं काहीच दिलेलं नसतं, तेव्हा तो किसणी हातात घेतो. मी तोंड वाकडं करून पीत राहिले. त्या रसाच्या प्रत्येक पेल्यात त्यांचं प्रेम होतं आणि मातीचा वास होता.

आणि मग ती सवय लागली. माझं काहीही दुखलं, खुपलं की घरात एकच उत्तर, रक्ताचं आहे. जिना चढताना धाप लागली, रक्ताचं. कचेरीत दुपारी डोळे मिटायला लागले, रक्ताचं. हिमोग्लोबिन उतरलं, तर ते रक्ताचंच असणार, आणखी कशाचं असेल? मग बीट वाढवा. संडासात लाल दिसायला लागलं तेव्हा मी सुरुवातीला दचकले होते, पण यांनी हसून समजूत घातली की एवढं बीट पोटात गेल्यावर लालच दिसणार, हिरवं कुठून दिसेल? मला पटलं. खरं सांगते, इतकं सोयीचं उत्तर होतं ते, की मला पटवून घ्यायचंच होतं. घराघरांत लोक रक्त वाढावं म्हणून बीट खातात; आमच्या घरात मी बीट खात होते आणि त्याच्या आडून माझं रक्त रोज थोडं थोडं वाहून जात होतं.

दादाच्या मोठ्या पोराचं लग्न निघालं म्हणून मी हक्काची आत्या म्हणून आधीच मुकुटबनला जाऊन बसले. लग्नघर तुम्हाला माहीत आहे. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, अंगणात भट्टी पेटलेली, वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. तिथं मला बीट किसून द्यायला कोणाला फुरसत होती? हे शेतीच्या कामासाठी मागं कळंबलाच थांबले होते. मी तर सुटलेच. हळदीच्या दिवशी सकाळी संडासात गेले आणि पुन्हा लाल. हात आपोआप बादलीकडं गेला, पाणी ओतणार, आणि तसाच थांबला. बीट कुठून येणार? इथं आल्यापासून मी बीट डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. बाहेर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, मला हाका मारत होत्या, आणि मी दाराला टेकून उभी होते. मला आई आठवली. मग तोंड धुतलं, बाहेर आले, पोराच्या गालाला हळद लावली आणि दात दिसतील एवढी हसले. लग्न लागेपर्यंत मी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मात्र सरळ नागपूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे इतके दिवस का नाही सांगितलं?" मी म्हणाले, "मला वाटलं, बीट असेल." त्यांना हसू आलं आणि लगेच ओसरलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात, त्यामुळं अशा लोकांत दुसरे कॅन्सरही इतरांपेक्षा जरा जास्त आढळतात, असं त्या म्हणाल्या. "तुमचा जुना आजार शांत आहे. एवढं रक्त तो खात नाहीये. म्हणून सगळ्याचा दोष त्याच्यावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आतडं पाहायचं." हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. एरवी रोज बीटनं लाल होणारी ती बोटं आता स्वच्छ होती, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी तिथंच, डॉक्टरसमोर, त्यांचा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत पहिल्यांदाच.

तपासणीत झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळं मला काही कळलं नाही. उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या बाजूला एक गाठ सापडली. तिथं न थांबता दुर्बीण पार शेवटच्या टोकापर्यंत नेली, आतडं सगळंच पाहायचं असतं, तर उजव्या बाजूला दुसरी सापडली. मधे चामखिळीसारखे लहान फुगवटे होते, ते वेगळे. मी विचारलं, हे रक्तातूनच आलं का? नाही म्हणाले. तुकडे तपासून आले तेव्हा तेच नक्की झालं. दोन्ही आतड्याचेच कॅन्सर, दोन्ही आपापले स्वतंत्र, एकातून दुसरा झालेला नाही आणि रक्ताचा तर तिसराच. हे खुर्चीतून उठले आणि परत बसले. "म्हंजे हिले तीन कॅन्सर झाले?" डॉक्टर म्हणाले, हो, मोजायचंच झालं तर तीन. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घरात एवढं भरभरून आजवर काहीच मिळालं नव्हतं. डॉक्टर बिचारे गोंधळले. तुम्ही असता तर तुम्हाला कळलं असतं की मला रडायचं नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला तुमचं कापूस खरेदी केंद्र आठवत राहिलं. दिवाळी झाली की तुमचा हंगाम सुरू. मी शाळेतून परस्पर तुमचा डबा घेऊन यायची. कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, हवेत उडणारी कापसाची पुसटशी रुई, आणि तुम्ही ग्रेडरसाहेब, बाह्या वर सारून एकेका बंडीशी उभे. कोपरापर्यंत हात आत घालायचे. पुढून, मागून, खालून. मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या मधे धागा ताणून पाहायचा, मग गालाला लावून ओल बघायची. मला एक दिवस स्पष्ट दिसतो. एका शेतकऱ्याच्या बंडीत मागच्या बाजूनं ओला कापूस निघतो. तो हात जोडून म्हणतो, "साहेब, तेवढाच ओला हाये जी, बाकी सारा सुका हाये." तुम्ही चिडत नाही. दुसऱ्या बाजूला जाता आणि पुन्हा हात घालता. "एक सापडलं म्हनून दुसरं नसन, असं कायवरून?" दुसऱ्या बाजूलाही ओलं निघतं. तुम्ही त्याला वाळवून आणायला सांगता, आणि दोन दिवसांनी त्याच मालाला चांगली प्रत देता. तो माणूस तुमच्या पाया पडायला वाकतो तेव्हा तुम्ही मागं सरकता आणि तुमची चप्पल चिखलात रुतते. मला हसू आवरत नाही. त्याच संध्याकाळी माझ्या गणिताच्या वहीवरून मला बोलणी बसली होती. एक चूक शोधून मी पेन खाली ठेवला होता आणि खेळायला पळाले होते. "या पोट्टीले एक चूक गावली का लगेच खुश होते. पुढचं कोन पाहीन?" मला भयंकर राग आला होता. बाकी चुका मी रडत रडत शोधल्या, पण शोधल्या.

तर असे तुम्ही, बंडीच्या तळापर्यंत हात घालणारा माणूस. मग आईच्या वेळी तुम्हाला काय झालं होतं? हे मी तुम्हाला जिवंतपणी विचारलं नाही, आता विचारते. आई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर आपली लुगडी धुऊन आणायची. मी कॉलेजात होते, मला कळत होतं. तुम्हालाही कळत होतं. तिनं सांगितलं मूळव्याध, आणि तुम्ही ते धरून चाललात. बोरी अरबच्या बाजारातून कोणा एकाचं चूर्ण आणून दिलंत. ताक दिलंत, सुरणाची भाजी आणलीत, तिखट बंद केलंत, स्वतःही तिच्याबरोबर अळणी जेवलात. यवतमाळचा डॉक्टर म्हणाला तपासायला लागेल, तर आईनं पदर तोंडावर ओढला आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या, तिले संकोच वाटून राह्यला." शेवटी तिच्या पोटात गाठ हाताला लागायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाला कापावं लागेल, आणि तुम्ही ओसरीत सगळ्यांसमोर सांगितलंत, "चाकू लागला का ते पसरते. मी तिले चाकू लावू देनार नाई." तुमच्या आवाजापुढं कोण बोलणार? दादा गप्प, मी गप्प. आई तर सुटल्यासारखी दिसली. ती गेली त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं माझ्या हातची भाकर खाल्लीत, पण तिचा विषय निघाला की ताट सरकवून उठलात. आईला तेच होतं की आणखी काही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी घरात कोणाला असं काही होतं का विचारलं, तेव्हा मी तोंड उघडलं आणि "मूळव्याध" एवढंच म्हणू शकले.

माझ्या वेळी तोच प्रसंग, तीच ओसरी म्हणा ना. ऑपरेशनच्या आधी पोटाचा स्कॅन काढला, त्यात आतड्याच्या आजूबाजूच्या लसिकेच्या गाठी सुजलेल्या दिसल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. कॅन्सर तिथवर पसरला असेल म्हणूनही सुजल्या असतील, किंवा तुमच्या जुन्या रक्ताच्या आजारातही अशा गाठी सुजतातच, म्हणून सुजल्या असतील. बाहेरून सांगता येत नाही, काढून तपासल्यावरच कळेल. शिवाय तुमच्या शरीराची राखण कमजोर, म्हणजे जखमेत जंतू जायची भीती दुसऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे मोठा धोका पत्करून पोट उघडायचं, आणि आत कदाचित सगळं हाताबाहेर गेलेलंच असायचं. मला विचार करायला वेळ दिला. घरी आलो तर दादा आधीच येऊन बसलेला. त्यानं सगळं ऐकलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई, मी सांगतो ते आयक. गाठी सुजल्या म्हंजे पसरलं. आता कायले पोट फाडून घेतं? बाबा असते तं चाकू लावू देल्ला नसता."

बाबा, मला इतका संताप आला. तहसीलच्या खिडकीतून मी लोकांवर ओरडते तो नुसता आवाज असतो. हा खरा होता. मी त्याला म्हणाले, "बाबांनी आईला चाकू लावू दिला नाही, म्हणून ती राहिली का रे?" हे मधे पडायला आले, त्यांनाही मी गप्प केलं. मग मी याच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. मला मरणाची भीती वाटत होती आणि पोट उघडायचीही भीती वाटत होती, दोन्ही सारख्याच. पण आत काय आहे ते न बघताच घाबरून मरायचं, हे मला सहन होईना. मला आईसारखं पदर ओढून जायचं नव्हतं. मी बाहेर येऊन सांगितलं की ऑपरेशन करायचं, आणि कोणाला यायचं असेल त्यानं यावं. दादा आला. दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून तो आमच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीचं नाव घेत होता, असं हे नंतर म्हणाले. देवळात जायचा त्याला एरवी कंटाळा.

दोन्ही गाठी लांब लांब असल्यामुळं मधला तुकडाही ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मोठं आतडं जवळजवळ सगळंच गेलं. आधी रक्त चढवलं, नंतर ताप आला, एक-दोनदा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. त्या दिवसांचं मला धड आठवत नाही. आठवतो तो निकालाचा दिवस. डॉक्टरीणबाई स्वतः वॉर्डात आल्या, शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरांची वाट न पाहता. म्हणाल्या, "दोन्ही कॅन्सर आतड्यातच होते, बाहेर पडलेले नव्हते. त्या सुजलेल्या सगळ्या गाठी तपासल्या. त्यांत आतड्याच्या कॅन्सरची एकही पेशी नाही. त्या तुमच्या जुन्या आजाराच्याच होत्या." मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं सुजल्या होत्या? हो म्हणाल्या. त्याला सध्या काही करायचं नाही, पूर्वीसारखं लक्ष ठेवायचं. मी एवढी हसले की टाके ओढले. ज्या आजाराच्या नावानं आम्ही इतकी वर्षं खडे फोडले, तो आज आनंदाची बातमी होऊन आला होता. "त्या रक्ताच्याच आहेत" हे वाक्य ऐकून कोणाचा जीव भांड्यात पडला असेल का, बाबा? माझा पडला. दादा खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती.

आता सगळं ठीक चाललं आहे, असं म्हणते आणि लाकडाला हात लावते. दिवसातून बऱ्याच वेळा पळावं लागतं. कुठल्याही गावी निघालो की हे आधी तिथं संडास कुठं आहे याची चौकशी करून ठेवतात, आणि अशा काही ऐटीत मला दाखवतात की जणू बंगला घेऊन दिला. घाईघाईत दाखले मागायला आलेल्यांवर आता मी ओरडत नाही. घाई म्हणजे काय ते मला कळलं आहे. अशक्तपणा गेला, जिना एका दमात चढते. हिमोग्लोबिन बीट न खाता वर आलं. यांनी किसणी धुऊन माळ्यावर टाकली, पण माझ्यासाठी हातानं काही करायची त्यांची सवय गेली नाही. आता दह्याचं ताक घुसळून देतात, आणि ते मला मनापासून आवडतं. तपासण्या आहेतच. पुढं काही निघालं तर निघालं, पण लवकर निघेल, कारण आता आम्ही पाहतो.

राहिला दादा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सख्ख्या भावंडांनी एकदा आतडं दाखवून घ्यावं, लवकर सापडलं तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच काढता येतं. मी दादाला सांगितलं. त्यानं उडवून लावलं. पुन्हा सांगितलं, फोन ठेवला. मध्यंतरी त्याच्या सुनेनं मला हळूच कळवलं की मामंजींनाही कधीकधी रक्त पडतं आणि ते मूळव्याध म्हणतात. माझ्या पाचावर धारण बसली. मागच्या महिन्यात मी मुकुटबनला गेले. वेचणी सुरू होती. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, त्याला टेकून दादा बसलेला. मी विषय काढला, तर तेच. "माह्यं पोट गोटे पचवते. बाबा कवा गेल्ते असल्या तपासन्या कराले?" पुन्हा तुम्ही. दरवेळी तुम्हाला माझ्यापुढं आणून उभं करतो, आणि तुमच्यापुढं माझं काय चालणार? मग मी शांतपणे म्हणाले, "बाबाच मला म्हणाले होते."

त्याचा कापसातला हात थांबला. "कवा?" मी म्हणाले, आई गेल्यावर. तू शेतावर होतास. मी चुलीपुढं भाकर टाकत होते आणि बाबा पाटावर बसले होते. "काय म्हनाले?" मी म्हणाले, "ते म्हणाले, तुह्या मायचं मी वरवर पाह्यलं. तुमी दोघं तसं करू नका."

दादानं दुपट्टा डोळ्यांवर दाबून धरला. माझा एवढा मोठा भाऊ, नातवंडाची वाट पाहणारा. म्हणाला, "मले वाटे, त्याइले काईच वाटलं नाई." आणि थोड्या वेळानं, "मंग इतके दिवस काहून नाई सांगतलं?" मी म्हणाले, तू विचारलं नाहीस. त्यानं मान हलवली. "घे तारीख."

आता ऐका. दार वाजलं, म्हणजे तो बाहेर येतोय, आणि हे पत्र त्याच्या हाती लागायला नको, म्हणून मी ते ठेवणारही नाही. तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात, बाबा. मी भाकरी टाकत असायचे आणि तुम्ही पाटावर बसलेले असायचात, एवढंच खरं आहे. मी वाट पाहायची, तुम्ही जेवायचात, हात धुऊन जायचात. वाक्य मी जुळवलं, कापसाच्या ढिगापाशी, त्या क्षणी. आणि तेव्हापासून ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं, चुलीच्या धुरातून, थोडं घोगरं. ते खोटं आहे हे एकदा तुम्हाला सांगितलं; यापुढं मी ते स्वतःलासुद्धा सांगणार नाही.